दोन ते आठ अंश

१७ मार्च १९९७, सोमवार

आज माझ्या ताकाला हद्दपारीची शिक्षा झाली. गुन्हा: शीतकक्षात अनधिकृत प्रवेश. पुरावा: कडीचा स्टीलचा डबा, झाकणाला चिकटलेलं कढीपत्त्याचं एक पान. न्यायाधीश: गुणवत्ता विभागाच्या राजेश्वरी मॅडम. अंमलबजावणी: हौसेराव. आरोपीला बाजू मांडायची संधी मिळाली नाही. आपल्या देशात खुनी माणसालाही वकील मिळतो. ताकाला मिळत नाही.

"गुरुजी, ह्यात खायाचं काय बी ठिवायचं न्हाय," हौसेराव डबा माझ्या टेबलावर आपटत म्हणाला. हा साताऱ्याकडचा गडी. शीतकक्षाच्या किल्ल्या याच्या कमरेला असतात, आणि तो चालतो असा की जणू गडाचा किल्लेदार.

"अरे, थंडच तर ठेवायचंय ना? मग औषध काय आणि ताक काय!"

"तसं न्हाय. मानूस ताक घ्यायला दार उघडतो. दार उघडलं की काटा चढतो. मॅडम मला झापत्यात, तुमाला न्हाय."

तर्क बिनतोड होता. वाईच्या पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलेला मी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका किल्लेदाराकडून निरुत्तर झालो आणि कोमट ताक प्यायलो.

आमची कंपनी लहान आहे. नावडे गावाच्या अलीकडे एक बैठी इमारत आणि तीत चाळीसएक माणसं. ज्या गोष्टींनी लोकांना शिंका, दमा, खाज यांचा त्रास होतो त्यांचे आम्ही अर्क काढतो: परागकण, झुरळं, घरातली धूळ आणि त्या धुळीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा किडा. त्या अर्काचे अगदी बारीक डोस डॉक्टर सुईने देतात, हळूहळू वाढवत नेतात आणि शरीराला शत्रूची सवय लावतात. कल्पना उदात्त आहे. माझं काम त्याहून कमी उदात्त. देशभरच्या डॉक्टरांच्या पत्रांना उत्तरं लिहायची आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य घालायचं: औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे, गोठवू नये, उन्हात ठेवू नये. पंचवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून, संस्कृतची तुकडी बंद पडल्यावर, मी हे एक सूत्र जगाला देतो आहे. भाष्य कुणी मागत नाही.

२३ मार्च, रविवार

ईश्वरीचा दंड काल परत सुजला. इंजेक्शनच्या जागी लिंबाएवढी लाल गाठ. वाशीचे डॉ. जयप्रकाश म्हणतात, ठीक आहे, शरीर दखल घेतंय. डोस तेवढाच ठेवला.

आमची मुलगी ईश्वरी एकोणीस वर्षांची, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. दमा तिला सहाव्या वर्षापासून आहे. दिवाळीपासून आमच्याच कंपनीचा धुळीतल्या किड्याचा अर्क सुरू केला. डॉक्टरांकडे फ्रीज आहे पण पेशंट फार, म्हणून प्रत्येकाने आपापली बाटली घरी ठेवायची आणि शनिवारी संध्याकाळी थर्मासमध्ये बर्फ घालून न्यायची. सानपाड्याहून वाशीला रिक्षात ईश्वरी मांडीवर थर्मास धरून बसते. माझी बायको मीना म्हणते, "असं वाटतं, हिच्या सासरी आइस्क्रीम घेऊन चाललोय."

आई गेल्या महिन्यात वाईहून कायमची आमच्याकडे आली. आज तिने फ्रीज उघडला आणि दारातली छोटी बाटली उचलून विचारलं, "हे काय रे सुधीर? अत्तर का?"

मला राहवेना. म्हटलं, "आई, अत्तरच. किड्यांचं. हजारो किडे पाळतात, धुतात, वाळवतात, आणि त्यांचा अर्क काढतात. तुझ्या सायीच्या दह्याशेजारी बसलेत बघ मांडी घालून."

आईने बाटली अशी ठेवली की जणू चटका बसला. मग साबणाने दोनदा हात धुतले. मीना स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कशाला त्यांना काही सांगता?" ईश्वरी मात्र खोकला येईस्तोवर हसली. आई हसली नाही. म्हणाली, "माझ्या देवाचं मी त्याच्याजवळ ठेवायची नाही."

"मग कुठे ठेवशील?"

"बघते मी माझं."

आईच्या या तीन शब्दांना आमच्या घराण्यात अपील नाही.

८ एप्रिल, मंगळवार. पाडवा

सोसायटीत सातच गुढ्या. बाकीच्यांच्या खिडक्यांना ग्रिल असल्यामुळे काठी बाहेर जात नाही, असं सेक्रेटरींचं म्हणणं.

आईने आजपासून नेम धरला. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी: पहाटे सोवळ्यात नैवेद्याचं करायचं, दुपारी पूजा आटपेपर्यंत ते फ्रीजमध्ये ठेवायचं, कारण इथल्या उकाड्यात दूध तासाभरात नासतं. नेम कशासाठी ते विचारलं तर म्हणाली, "पोरीचा दमा जाऊ दे म्हणून." म्हणजे आता ईश्वरीवर दोन उपचार चालू आहेत आणि दोन्हींचं शीतगृह एकच आहे. मी मीनाला म्हटलं, बघ, समन्वय. मीना म्हणाली, "तुम्हाला ऑफिसला जायचंय ना? जा." ती आठला बँकेत जाते, मी सव्वाआठला कंपनीच्या बसने, ईश्वरी कॉलेजला. मागे घरात आई आणि देव.

बाकी फ्रीज हल्ली आरशासारखा असतो. आई रोज पुसते.

२६ एप्रिल, शनिवार

चांगली बातमी. ईश्वरीच्या दंडाला आज काही झालं नाही. अर्धा तास बसवलं, लाल ठिपकासुद्धा नाही. डॉक्टर खूष. पुढच्या वेळी डोस वाढवू म्हणाले.

ईश्वरी म्हणाली, "बाबा, हात दुखतपण नाही आता. मस्त."

येताना वाशीला सगळ्यांसाठी उसाचा रस घेतला. आईसाठी बर्फ न घातलेला बाटलीतून नेला. तिला सांगितलं तेव्हा तिने देवघराकडे बघून हात जोडले. माझ्या कंपनीकडे बघून कुणी जोडले नाहीत. असो. श्रेय घेण्याच्या बाबतीत देव आणि मालक यांच्यापुढे कारकुनाने उभं राहू नये.

१९ मे, सोमवार

ऑफिसात प्रलय. काल रविवारी शीतकक्षाचा कॉम्प्रेसर बसला आणि वॉचमनला कळेपर्यंत आतला काटा सोळावर गेला होता. आज सकाळी हौसेराव दारात बर्फाच्या लाद्या लावून बसला होता, तोंड असं की घरात कोणी गेलंय.

राजेश्वरी मॅडम आतल्या सगळ्या बाटल्यांवर लाल चिठ्ठ्या चिकटवत होत्या. विकायच्या नाहीत, आधी तपासायच्या. मालकांनी फोनवर आवाज चढवला. बाईंचा आवाज होता तेवढाच राहिला.

मी म्हटलं, "मॅडम, सोळा अंश म्हणजे महाबळेश्वर. त्या हवेत माणसं तब्येत सुधारायला जातात."

"सर, माणूस घाम गाळतो आणि परत भात खातो. अर्क परत काही खात नाही. एकदा उतरला की उतरला." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. अर्कातलं प्रथिन हेच औषध. ऊब लागली की ते तुटतं. त्यातून पातळ केलेल्या बाटल्या सगळ्यात नाजूक. आत मुळात थोडंच असतं, त्यातलं काही काचेलाच चिकटून बसतं. ग्लिसरीन घातलं तर बराच काळ टिकतं, पण ते टोचताना झोंबतं, म्हणून इंजेक्शनच्या बाटल्यांत आपण घालत नाही.

"आणि दिसायला?"

"तेच तर वाईट आहे. दिसायला काही फरक नाही. रंग तोच, वास तोच. वरून कळायला मार्ग नाही."

मी म्हटलं, म्हणजे विद्वानांसारखंच. बाई पहिल्यांदा हसल्या.

शिकवलेलं लगेच वापरावं म्हणून मी आज चौदा डॉक्टरांना लिहिलं की आमची कंपनी किती कसोशीने शीतसाखळी पाळते. भाषा चांगली उतरली.

घरी आलो तर आई गच्चीत उभी. गच्ची कसली, कपडे वाळत घालण्यापुरती जागा. एक ओलं फडकं पिळत होती. "ऊन फार रे इथे," म्हणाली. "फडकं दोन तासांनी वाळतं." मी म्हटलं, दुपारी नीज ना, कशाला फडकी वाळवत बसतेस?

५ जुलै, शनिवार

ईश्वरीला पुन्हा धाप लागते. गेल्या आठवड्यात दोनदा कॉलेजातून परत आली. पंप दिवसातून तीन-चार वेळा घ्यावा लागतो. भिंतींना ओल आली आहे, कपाटातल्या माझ्या जुन्या पोथ्यांना बुरशीचा वास सुटला आहे. या हवेत निरोगी माणूसही खोकेल.

डॉ. जयप्रकाशांना मात्र कोडं पडलं. म्हणाले, "डोस बराच वर आलाय. दंडाला रिॲक्शन नाही. मग आतापर्यंत आराम पडायला हवा होता. काका, बाटली घरी नीट ठेवताय ना?"

मी जरा ताठ बसलो. "डॉक्टर, आम्ही हेच विकतो."

डॉक्टर ओशाळले. मला बरं वाटलं.

१७ जुलै, गुरुवार

चातुर्मास बसला. आईचा नेम आता रोजचा. पोरगी बरी होईना म्हणून तिने वाढवला. सकाळी मी दाढी करत असताना ती न्हाऊन, ओल्या केसांनी, दुधाचं भांडं दोन्ही हातांत धरून फ्रीजपाशी उभी होती. मी पुढे होऊन दार उघडायला गेलो तर ओरडली, "शिवू नकोस! तू गेल्याशिवाय मी काही ठेवत नाही." मी आपला साबणाचा फेस घेऊन मागे सरलो. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने इतका वेळ ओलेत्यानं उभं राहावं, ते काय आपल्यासाठी? मनात आलं, माझ्या सूत्रात तापमान असेल, भक्ती हिच्याकडेच आहे.

१० ऑगस्ट, रविवार

लिहायला बसलो आहे कारण दुसरं काही करवत नाही.

जुनी बाटली संपत आली होती. शुक्रवारी मी ऑफिसातून नवी आणली. त्याच ताकदीची, ताज्या बॅचची, हौसेरावने स्वतः बर्फात घालून दिली. काल संध्याकाळी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे नवी बाटली म्हणून डोस निम्म्यावर आणला. हा नियमच आहे. तो नियम मी दर महिन्याला दहा पत्रांत लिहितो.

सुई काढल्यावर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ईश्वरी मासिकातला चुटका वाचून दाखवत होती. मधेच थांबली. तळहात खाजवायला लागली. म्हणाली, "बाबा, हात बघा ना, कसे झालेत." मग चेहरा लालबुंद, मानेवर पित्तासारख्या गांधी. "बाबा, घसा—" एवढंच म्हणाली. वाक्य पुरं झालं नाही.

मी डॉक्टरांना हाक मारली ती मला आठवत नाही. मीना म्हणते मी हाक मारलीच नाही, नुसता उभा राहिलो, हाक तिने मारली. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनलिन दिलं. एकदा, मग परत. तिचे ओठ निळे झाले होते. नाडी लागेना असं नर्स डॉक्टरांना म्हणाली, हळू आवाजात, पण मी ऐकलं.

आता ती जवळच्या हॉस्पिटलात आहे. शुद्धीवर आहे. ऑक्सिजन लावलाय. आज मला बघून हात वर केला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज ऑफिसात मी जसं बोललो तसं आत्तापर्यंत कुणाशी बोललो नव्हतो. राजेश्वरी मॅडमच्या टेबलासमोर उभा राहून, सगळ्यांदेखत. म्हटलं, तुमच्या बॅचने माझी मुलगी मारलीच होती. तुम्ही ताकाचा डबा पकडता, आणि दुप्पट-तिप्पट कडक औषध दारातून बाहेर जातं ते तुम्हाला दिसत नाही?

बाई पांढऱ्या पडल्या. उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, आधी ती कशी आहे?"

मी म्हटलं, जिवंत आहे.

"बॅच मी पुन्हा तपासते. पण जुनी बाटली आहे का? तळाशी काही उरलं असेल तर द्या."

"जुन्या बाटलीचा काय संबंध? जुन्याने काही झालं नाही!"

"म्हणूनच द्या."

हौसेराव मला बाहेर घेऊन गेला, चहा पाजला. बशीत ओतूनही त्याने स्वतः प्यायला नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जुनी बाटली दिली. राजेश्वरी मॅडमनाही धुळीची ॲलर्जी आहे, हे मला आज कळलं. त्यांनी डावी बाही वर केली, हातावर पेनने तीन खुणा केल्या आणि माझ्यासमोर तीन थेंब ठेवून टोचून घेतलं: एक नव्या बॅचचा, एक आमच्या जुन्या बॅचच्या राखून ठेवलेल्या नमुन्याचा, एक ईश्वरीच्या बाटलीतला. मग आम्ही दोघं त्यांच्या हाताकडे बघत बसलो.

पहिल्या दोन ठिकाणी सारख्याच गांधी उठल्या, चार आण्याच्या नाण्याएवढ्या. तिसऱ्या ठिकाणी काही नाही. पेनची खूण तेवढी.

"नवी बॅच ठीक आहे, सर. तुमच्या बाटलीत मात्र काही उरलेलं नाही. पाणी आहे. मुलीला किती महिने पाणीच टोचत असतील, आणि डोस वाढवत गेले. मग खरं औषध आलं. निम्मं केलं तरी तिच्या शरीराला ते एकदम केवढं तरी मोठं." मग जपून विचारलं, "घरी फ्रीज बंद पडतो का? की गावाला जाताना बंद करता?"

मी म्हटलं, आमच्या घरी नियम पाळले जातात. नियमपत्रक मीच लिहितो.

त्या म्हणाल्या, "हो सर," आणि बाही खाली केली. खाज दाबून बोलत होत्या, ते मला नंतर लक्षात आलं.

१८ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा

ईश्वरी परवा घरी आली. मी रजा घेतली. सकाळी मीना बँकेत गेली, ईश्वरी झोपली होती, मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. आईला वाटलं मी खाली दूध आणायला गेलोय.

ती न्हाऊन आली. फ्रीज उघडला. पदराचं टोक बोटांना गुंडाळून दारातली बाटली उचलली. नवी बाटली, जिच्यातला एक डोस ईश्वरीच्या अंगात गेला होता ती. गच्चीत गेली. कठड्यावर एक छोटं मातीचं बोळकं होतं, त्यात बाटली ठेवली, आणि ओलं फडकं त्याच्याभोवती असं नीट गुंडाळलं, जसं तान्ह्या मुलाला गुंडाळतात. मग हात धुतले. परत पाय धुतले. मग दूध, साखर आणि नारळीभाताची वाटी फ्रीजमध्ये ठेवली.

मी गच्चीच्या दारात उभा राहिलो. पावसाने उघडीप दिली होती, कठड्यावर लख्ख ऊन होतं. बोळक्याला हात लावला. फडकं कोमट होतं.

"आई, हे रोज करतेस?"

ती दचकली, पण घाबरली नाही. "मग काय! देवाचं आणि किड्याचं एका ठिकाणी कसं ठेवू? पूजा झाली की परत ठेवते की जागच्या जागी. आणि नुसतं नाही हो टाकून देत. औषधाला गारवा हवा, मला कळत नाही का? माठातलं पाणी कसं राहतं? दर दोन तासांनी फडकं भिजवते. उन्हाळ्यात तर डोळा लागू दिला नाही दुपारचा."

"कधीपासून?"

"पाडव्यापासून. तूच नाही का सांगितलंस, किड्यांचा अर्क म्हणून."

बाटली आत आणली. ती हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. रंग तोच होता.

दुपारी ईश्वरीच्या खाटेपाशी बसलो तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कळलं ना तुम्हाला?"

"काय?"

"बाबा, आजीला काही बोलू नका प्लीज. मी मे महिन्यातच बघितलं होतं. कॉलेजला सुट्टी होती ना. तिने मला शपथ घातली. आणि खरं सांगू? हात दुखायचा बंद झाला होता. मला वाटलं, थोडं बाहेर राहिलं तर काय होतंय." मग बराच वेळ श्वास गोळा करून, "मलाच बरं वाटत होतं."

२० ऑगस्ट, बुधवार

राजेश्वरी मॅडमना सगळं सांगितलं. सगळ्यांदेखत बोललो होतो म्हणून सगळ्यांदेखतच सांगितलं. वाटलं होतं, त्या काहीतरी बोलतील, आणि बोलल्या असत्या तर मला बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "ओलं फडकं?" आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, आपल्या पत्रकात लिहिलंय गोठवू नका, उन्हात ठेवू नका. रोज सकाळी बाहेर काढून दुपारी आत ठेवू नका, असं कुठे लिहिलंय?"

मी लगेच नवीन वाक्य लिहून दिलं: औषध फ्रीजमधून अन्य कोणत्याही कारणासाठी, धार्मिक कारणासाठीही, बाहेर काढू नये. मालकांनी 'धार्मिक' खोडलं. उगाच कुणाच्या भावना दुखावतील म्हणाले. त्यांचंही बरोबर असेल. मी शुद्ध प्रत लिहून दिली.

डॉ. जयप्रकाशांना फोन केला. ते म्हणाले, ठरवायचं तुम्ही. दमा पुन्हा बळावलाय. इंजेक्शनं सोडली तर नुसत्या गोळ्यांवर आणि पंपावर किती दिवस, सांगता येत नाही. चालू करायचं तर अगदी खालून, हजारपट पातळ बाटलीपासून, आणि बाटली यापुढे त्यांच्या फ्रीजमध्ये. परत तसं होणार नाही ना, असं मी विचारलं. ते म्हणाले, होऊ नये.

२४ ऑगस्ट, रविवार

आईने आज जेवताना विचारलं. सरळ विचारलं, पानातला भात कालवत.

"माझ्यामुळे झालं का रे ते पोरीला?"

मीना माझ्याकडे बघायला लागली. मी पाण्याचं भांडं उचललं. माझ्या आधी ईश्वरी बोलली, "नाही गं आजी. बॅच खराब आली होती. बाबांच्या कंपनीत चिक्कार लोच्या आहे. हो ना, बाबा?"

मी म्हटलं, हो.

"मग बाटली कुठे गेली फ्रीजमधली?"

"डॉक्टरांनी मागून घेतली. आता त्यांच्याकडेच राहणार."

आई हात धुवायला उठली ती उशिरापर्यंत मोरीतच होती. संध्याकाळी बघतो तर गच्चीतलं बोळकं गेलेलं. विचारलं तर म्हणाली, फुटलं. फुटल्याचा आवाज कुणी ऐकला नाही. रात्री तिने देवापुढे दूध ठेवलं नाही, नुसता गुळाचा खडा ठेवला. मी म्हटलं, अगं, आता फ्रीज सगळा तुझाच आहे. ती म्हणाली, "देवाला चालतं कोमट." वयोमानाने तिचा नेम सैल होत चालला असावा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या पहिलं इंजेक्शन. ईश्वरीने स्वतः ठरवलं. मीनाने दोनदा विचारलं, मी एकदाही नाही. ती म्हणाली, "मम्मी, टेन्शन नको घेऊस. डॉक्टर बाजूलाच बसणारेत." आणि मैत्रिणीला फोन लावून कसल्या तरी नोट्स मागत बसली. मधेमधे वाक्य तोडून श्वास घेत होती.

मी पेपर धरून बसलो होतो आणि तिचे श्वास ऐकत होतो. गेले पंधरा दिवस माझं हेच चाललंय. बसमध्ये, ऑफिसात, पत्रं लिहिताना. आज एका नाशिकच्या डॉक्टरांना लिहिलं की योग्य काळजी घेतल्यास या उपचारात गंभीर धोका अत्यंत विरळा. हे खरं आहे. राजेश्वरी मॅडमनी पातळ बाटली स्वतः भरली, स्वतःच्या हातावर टोचून बघितली, हौसेराव ती घेऊन वाशीपर्यंत स्वतः गेला. जे कुणाला करता येण्यासारखं होतं ते सगळं झालं आहे. इथे काहीतरी चतुर लिहायचा मी मघापासून प्रयत्न करतोय. सुचत नाही.

मला भीती वाटते की उद्या त्या बाकावर माझी मुलगी मरेल. मीनाला सांगितलेलं नाही, आईला नाही, तिला तर नाहीच. आणि तिला जाऊ नकोस असं म्हणायचंही मला धैर्य नाही, कारण न जाता ती हळूहळू मरेल अशीही भीती वाटते.